होस्ट बदला ना, खुर्ची कशाला मोडताय?

अमेरिकेतल्या सीबीएस चॅनलने १७ जुलै २०२५ ला सांगून टाकलं की 'द लेट शो' हा त्यांचा रात्रीचा गप्पांचा आणि विनोदाचा शो मे २०२६ मध्ये बंद. म्हणजे होस्ट स्टीफन कोलबर्ट जातोय आणि त्याच्या जागी अमुकतमुक येतोय असं नाही, शोच गुंडाळतायत, डेव्हिड लेटरमनने १९९३ मध्ये उभा केलेला अख्खा कारभार. कोलबर्टने त्याच दिवशी स्टेजवरून ही बातमी दिली तेव्हा समोर बसलेल्या पब्लिकने हुर्यो केला, तो म्हणाला मलाही तसंच वाटतंय, आणि मग सांगितलं की माझी जागा कोणी घेत नाहीये, हे सगळंच जातंय. कंपनीचं निवेदन बाकी एकदम गोड. कोलबर्टची जागा कोणीच भरून काढू शकत नाही असं आम्हाला वाटतं, म्हणून 'लेट शो' हे नावच रिटायर करतोय.

वा! माणसाला काढायचं आणि वर त्याचीच आरती करायची.

गंमत अशी की कोलबर्टचे फॅन्स, जे सीबीएसला शिव्या घालत होते, त्यांनीही नकळत हेच म्हणणं उचलून धरलं. बरोबर आहे, त्याच्यासारखा कोण मिळणार, दुसरा कोणी आणून बसवण्यापेक्षा बंद केलेलं बरं, निदान इभ्रत तरी राहते वगैरे. मला हे अजिबात पटत नाही. कोलबर्ट मला आवडतो, न्यूयॉर्कचे रात्रीचे ११:३५ म्हणजे आपल्याकडे सकाळचे नऊ वाजून गेलेले असतात, त्यामुळे आपल्यासाठी हा लेट नाइट शो कधी नव्हताच, डब्यासोबत बघायची युट्युबवरची मोनोलॉगची क्लिप होती. पण 'ह्याच्यानंतर कोणी नाही' हे ह्या धंद्यात दर वीस-तीस वर्षांनी ऐकू येतं आणि दर वेळी खोटं ठरतं. अडचण लायक माणूस न मिळण्याची कधीच नव्हती. मिळालेल्या माणसाला चॅनल वेळ देतं का आणि जुन्या माणसाला खरोखर जाऊ देतं का, घोडं नेहमी तिथेच अडलंय.

आता सुरुवातीपासूनच बघा. एनबीसी ह्या दुसऱ्या चॅनलचा 'टुनाइट शो' १९५४ चा, पहिला होस्ट स्टीव्ह अ‍ॅलन, नंतर जॅक पार. १९६२ मध्ये पारने सोडलं तेव्हा त्याच्या जागी आणला जॉनी कार्सन, जो एबीसीवर दुपारचा क्विझ शो करायचा. त्याचं जुनं कॉन्ट्रॅक्ट संपेना म्हणून एनबीसीने सहा महिने पाहुणे होस्ट आणून शो चालवला आणि ह्याची वाट बघितली. सहा महिने! आज कोणतं चॅनल थांबेल? कार्सन १ ऑक्टोबर १९६२ ला बसला तो उठला २२ मे १९९२ ला, जवळपास तीस वर्षांनी, आणि त्याचा शेवटचा भाग पाच कोटींच्या आसपास लोकांनी बघितला. दुपारचा क्विझवाला तीस वर्षांनी 'ज्याची जागा कोणी घेऊ शकत नाही' तो झाला. कोणी तसा जन्माला येत नाही, रोज रात्री येऊन बसून बसून होतो.

कार्सननंतरचं महाभारत तर सगळ्यांना माहीत आहे. लेटरमन १९८२ पासून त्याच चॅनलवर साडेबाराचा शो करत होता, सगळ्यांना वाटलं खुर्ची त्याचीच, कार्सनलाही तोच पसंत होता, आणि मिळाली जे लेनोला. लेनोची मॅनेजर हेलन कुशनिक हिने त्यासाठी काय काय केलं त्याच्या सुरस कथा आहेत, एनबीसीने नंतर तिला शोमधून हाकललंच. आणि खुद्द लेनो, आपली खुर्ची राहते की जाते हे कळावं म्हणून ऑफिसातल्या एका कपाटाएवढ्या खोलीत लपून बसला आणि चॅनलच्या साहेबांची फोनवरची मीटिंग ऐकत वहीत टिपून घेत होता. हे त्याने स्वतः कबूल केलंय. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या शोचा होस्ट, कपाटात, हातात पेन. खुर्ची देऊन वर तिच्याबद्दल खात्री द्यायची नाही, मग माणूस असंच वागणार की.

कारण एनबीसीने खरंच मधल्या काळात लेटरमनलाही तीच खुर्ची देऊ केली होती, फक्त लेनोचं कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत थांब म्हणाले. लेटरमन थांबला नाही, सीबीएसला गेला, ऑगस्ट १९९३ मध्ये 'लेट शो' सुरू केला आणि पुढची जवळपास दोन वर्षं लेनोला रेटिंगमध्ये मागे टाकलं. लेनो संपला असं सगळे लिहून मोकळे झाले होते. मग जुलै १९९५ मध्ये पाहुणा म्हणून सिनेमातला नट ह्यू ग्रँट आला, नुकताच एका वेश्येबरोबर गाडीत पकडला गेलेला, आणि लेनोने बसल्याबसल्या पहिला प्रश्न टाकला, तुझ्या डोक्यात चाललं तरी काय होतं? त्या रात्री लेनो पुढे गेला आणि मग बरीच वर्षं पुढेच राहिला. लेनो मला काही फार आवडत नाही, त्याचे जोक म्हणजे सगळ्यांना झेपेल असं वरणभात. पण एनबीसीने त्याला १९९४ मध्ये काढलं असतं तर आज आपण म्हणत असतो की बघा, कार्सननंतर कोणाला जमलंच नाही.

लेटरमनच्या रिकाम्या साडेबाराच्या स्लॉटचं तर अजून भारी. तिथे एनबीसीने सप्टेंबर १९९३ मध्ये कॉनन ओब्रायनला बसवलं, जो 'सिम्पसन्स'चा लेखक होता आणि कॅमेऱ्यासमोर त्याला जवळपास कोणी ओळखत नव्हतं. उंचाडा, लाल केसांचा कोंबडा, पहिल्या दिवसापासून अस्वस्थ. समीक्षकांनी अक्षरशः सोलला त्याला. चॅनलही काय विश्वासाने बसलेलं नव्हतं, तेरा-तेरा आठवड्यांची एक्स्टेन्शन देत देत चालवलं, म्हणजे डोक्यावर कायम टांगती तलवार, पण चालवलं. दोन-तीन वर्षांनी त्याला सूर सापडला, शिव्या घालणाऱ्यांपैकीच काहींनी नंतर जाहीरपणे कौतुक केलं, आणि सोळा वर्षं तो शो टिकला. माझं सगळं म्हणणं ह्या एका उदाहरणात आहे खरं तर. अनोळखी माणूस, वाईट सुरुवात, आणि तरीही न हललेली खुर्ची.

मग तेच एनबीसी २००४ मध्ये माती खातं. कॉनन दुसऱ्या चॅनलला जाईल ह्या भीतीने त्यांनी पाच वर्षं आधी जाहीर केलं की २००९ ला 'टुनाइट शो' कॉननला मिळणार. तेव्हा लेनो रेटिंगमध्ये एक नंबर! २००९ उजाडलं तर आता लेनो दुसरीकडे जाईल ही भीती, म्हणून त्याला त्याच चॅनलवर रात्री दहाचा रोजचा शो दिला. म्हणजे मुख्यमंत्री बदलला पण जुन्या साहेबांनी 'वर्षा' सोडलाच नाही, मुक्काम फक्त पुढच्या हॉलमध्ये हलवला, आणि नव्याला भेटायला येणारा प्रत्येक जण आधी त्यांना नमस्कार करून आत जाणार. दहाचा शो पडला, त्याच्या मागून लागणाऱ्या लोकल स्टेशनांच्या अकराच्या बातम्या पडल्या, स्टेशनवाल्यांनी बोंब मारली, आणि ह्या सगळ्याचा फटका बसला शेवटी ११:३५ ला बसलेल्या कॉननला. जानेवारी २०१० मध्ये चॅनलने नवा तोडगा काढला, लेनो ११:३५ ला अर्धा तास आणि 'टुनाइट शो' १२:०५ ला. 

कॉननने त्यावर जे पत्र काढलं ते ज्याला कोणाला संस्था वगैरे गोष्टींची चाड आहे त्याने वाचावं. दुसऱ्या एका कॉमेडी शोची सोय लावण्यासाठी 'टुनाइट शो' दुसऱ्या दिवसात ढकलायचा असेल तर तो 'टुनाइट शो' राहत नाही आणि त्याची वाट लावण्यात मी सहभागी होणार नाही, असं त्याने स्वच्छ लिहिलं. २२ जानेवारी २०१० ला शेवटचा शो करून गेला, जेमतेम सात महिने झाले होते. सेटलमेंट साडेचार कोटी डॉलरची, त्यातले स्टाफलाही बऱ्यापैकी मिळाले. शेवटच्या आठवड्यात चॅनलचे पैसे उडवतोय असं दाखवत बुगाटी गाडीला उंदराचे कान लावून स्टेजवर आणली होती त्याने, लोकांना खरंच वाटलं विकत घेतली (गाडी म्युझियममधून उसनी आणलेली होती). १ मार्चला लेनो परत खुर्चीत.

आता ह्यात कॉनन नालायक ठरला का? सात महिन्यांत कोण ठरतो? लेनोला स्वतःला सूर सापडायला तीन वर्षं लागली होती. आणि लेनोला जे खलनायक ठरवतात तेही मला थोडं सोपं वाटतं, एक नंबरवर असलेल्या माणसाला पाच वर्षं आधी रिटायरमेंटची तारीख सांगितली तर तो आनंदाने पेढे वाटणार का. खरा घोळ घातला तो दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्या साहेब लोकांनी. त्यांना नवा हवा होता आणि जुनाही सोडवत नव्हता.

ह्याउलट सीबीएसने २०१५ मध्ये बदली नीट केली होती, हे आज आठवलं की जास्तच चीड येते. लेटरमन २० मेला गेला आणि खरोखर गेला, दाढी वाढवून लांब. कोलबर्ट ८ सप्टेंबरला बसला. आणि लोक विसरतात, पण कोलबर्टचं पहिलं वर्ष सुमार होतं! आधी नऊ-दहा वर्षं तो 'कोलबर्ट रिपोर्ट'मध्ये एका आडमुठ्या उजव्या अँकरचं सोंग करायचा, ते सोंग काढल्यावर खरा कोलबर्ट कोण हे त्यालाही उमगत नव्हतं, शो कधी नाचगाण्याचा कधी प्राध्यापकी. तिकडे 'टुनाइट शो'वर आलेला जिमी फॅलन दणकून पुढे होता. एप्रिल २०१६ मध्ये सीबीएसने ख्रिस लिक्टला आणून शो चालवण्याची जबाबदारी दिली, त्याने कोलबर्टच्या डोक्यावरची बाकीची कामं काढून घेतली, त्या उन्हाळ्यात पक्षांच्या अधिवेशनांच्या वेळी लाइव्ह भाग केले आणि तिथे गाडी रुळावर आली. २०१७ च्या सुरुवातीला त्याने फॅलनला मागे टाकलं. ज्याची जागा कोणीच भरू शकत नाही असं सीबीएस आज म्हणतंय, तो सीबीएसनेच दीड वर्ष कळ काढून घडवलाय.

बातम्यांची टर उडवणाऱ्या 'डेली शो'चंही तसंच. जॉन स्टुअर्ट ऑगस्ट २०१५ मध्ये गेला, ट्रेव्हर नोआ आला, एकतीस वर्षांचा दक्षिण आफ्रिकन पोरगा. त्याचं नाव जाहीर होताच त्याचे जुने ट्वीट उकरून काढले, स्टुअर्टचे फॅन्स रुसून निघून गेले, आकडे घसरले. मग हळूहळू वेगळा, तरुण प्रेक्षक आला आणि सात वर्षं निघाली. तो २०२२ च्या डिसेंबरमध्ये गेल्यावर मात्र चॅनलचे हातपाय गळाले. वर्षभर पाहुणे होस्ट, आपला हसन मिन्हाज जवळजवळ नक्की असं सगळीकडे छापून येत होतं, मग त्याने स्टेजवर सांगितलेल्या आपबीती किती खऱ्या किती रंगवलेल्या ह्यावर 'न्यूयॉर्कर'चा लेख आला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शेवटी स्टुअर्टलाच परत बोलावलं, फक्त सोमवारी. बाकीचे दिवस टीममधले लोक आलटून पालटून. ही तडजोड मला तितकी वाईट वाटत नाही, निदान नवे लोक बसतायत. पण सोमवारची क्लिप सगळे शेअर करतात आणि मंगळवारची कोणी बघत नाही, मग मंगळवारचा माणूस मोठा होणार कधी?

आपल्याकडे लगेच केबीसीचं उदाहरण काढतात. २००७ ला अमिताभच्या जागी शाहरुखला आणलं, एका सीझनमध्ये विषय संपला, म्हणजे होस्ट हाच शो. मान्य, पण केबीसीत नव्या माणसाच्या हातात असतं काय? तोच खेळ, तेच ऑप्शन, फक्त आवाज बदलतो आणि त्या आवाजाशी मग तुलना होणारच. लेट नाइट रोज दुपारी नव्याने लिहिलं जातं, होस्ट बदलला की शोची जातच बदलू शकते, लेटरमनचा तिरकस तमाशा कोलबर्टने रोजच्या राजकारणाचा फळा करून टाकला ना. आणि तसंही 'बिग बॉस मराठी'त २०२४ ला मांजरेकरांच्या जागी रितेश आला तेव्हा कोण बघणार म्हणणारे बरेच होते, सीझन चांगलाच गाजला.

आता पैशाचं. हा मुद्दा खरा आहे, उडवून लावण्यासारखा नाही. शोला वर्षाला चार कोटी डॉलरचा तोटा होतो असं बातम्यांमध्ये आलं, दोनशेच्या आसपास स्टाफ, बँड, ब्रॉडवेवरचं एड सलिव्हन थिएटर, आणि लेट नाइटचं जाहिरातीचं उत्पन्न २०१८ ते २०२४ मध्ये जवळपास निम्म्यावर आलेलं. लोक क्लिप बघतात, शो बघत नाहीत, आपणही तेच करतोय. पण मग खर्च कमी करायचे मार्ग शेजारीच दिसत होते की! एनबीसीने २०२४ मध्ये साडेबाराच्या शोमधल्या सेथ मायर्सचा बँड काढला, फॅलनचा शो पाचवरून चार रात्रींवर आणला. वाईट वाटलं लोकांना, पण शो आहेत. सीबीएसने ह्यातलं काय करून बघितलं? अर्धा तास, चार दिवस, छोटा स्टुडिओ, नवा होस्ट कोलबर्टच्या पगाराच्या एका तुकड्यात आला असता. शोचा नंबर त्याच्या वेळेत पहिला होता, म्हणजे बसायला येणारी माणसंही होती.

आणि सीबीएसची ही पहिली वेळ नाही, म्हणून मला त्यांच्या हिशेबावर विश्वास बसत नाही. साडेबाराच्या स्लॉटला जेम्स कॉर्डन २०२३ ला गेल्यावर तिथे टेलर टॉमलिन्सनचा स्वस्तातला पॅनल शो आणला, 'आफ्टर मिडनाइट', मजेशीर होता. ती २०२५ मध्ये म्हणाली मला परत स्टँडअपच्या दौऱ्यांवर जायचंय, तर नवा होस्ट शोधायचा सोडून शोच बंद केला आणि स्लॉट दिला बायरन अ‍ॅलनला, जो स्वतः पैसे भरून ती वेळ घेतो. म्हणजे काही महिन्यांत दोनदा होस्ट बदलायची वेळ आली आणि दोन्ही वेळा उत्तर एकच, शटर खाली.

राजकारणाबद्दल बोललो नाही तर लोक म्हणतील घाबरला. सीबीएसची मालक पॅरामाउंट, तिने जुलै २०२५ च्या सुरुवातीला ट्रम्पने केलेल्या खटल्यात त्याच्याशी १.६ कोटी डॉलरची सेटलमेंट केली, १४ जुलैला कोलबर्टने शोमध्ये त्याला सरळ लाच म्हटलं, तीन दिवसांनी शो रद्द, आणि २४ जुलैला सरकारी आयोगाने पॅरामाउंटच्या स्कायडान्सबरोबरच्या विलीनीकरणाला हिरवा कंदील दिला. कंपनी म्हणते निर्णय निव्वळ आर्थिक आहे. मला वाटतं दोन्ही असेल, तोटा होताच आणि नेमकी हीच वेळ सोयीची पडली. पण बघा, एखाद्या माणसाची डोकेदुखी झाली तर चॅनल माणूस बदलतं, हे आजवर होत आलंय. पुढच्या माणसाची डोकेदुखीच नको असेल तर खुर्ची मोडावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये एबीसीने आपला लेट नाइट होस्ट जिमी किमेलला आठवडाभर घरी बसवलं तेव्हा लोकांनी आरडाओरडा केला आणि तो परत आला, कारण परत यायला खुर्ची होती.

अजून एक गोष्ट मला खटकते. ह्या सगळ्या भांडणांत मोठ्या तीन चॅनलच्या ११:३५ च्या खुर्चीवर बाई कायमची होस्ट म्हणून एकदाही बसली नाही. जोन रिव्हर्स १९८३ पासून कार्सनची कायमची गेस्ट होस्ट होती, १९८६ ला फॉक्सने तिला स्वतःचा शो दिला तर कार्सनने तिच्याशी जन्मात परत बोलणं ठेवलं नाही, फॉक्सने वर्षाच्या आत काढली, आणि 'टुनाइट शो'त ती पुन्हा पाऊल ठेवू शकली थेट २०१४ ला, फॅलन आल्यावर. २०१९ ला एनबीसीने लिली सिंगला, म्हणजे पंजाबी घरातल्या कॅनडाच्या युट्युबवालीला, रात्री १:३५ चा स्लॉट दिला आणि पहिल्या सीझनचे शंभरच्या आसपास भाग तीन महिन्यांत उरकून घेतले. रोजच्या बातम्यांवर बोलायचा शो आणि भाग महिनोन्‌महिने आधी शूट केलेले! दोन सीझनमध्ये बंद झाला. मी बघितलेत त्यातले बरेच, पहिले खरंच फसलेले होते. कॉननचेही फसलेलेच होते.

त्यामुळे मला विचाराल तर सीबीएसने लेट शोचं नाव ठेवायला हवं होतं, कोलबर्टला वाजतगाजत निरोप द्यायचा, थिएटर परवडत नसेल तर सोडायचं, आणि एखाद्या पस्तिशीतल्या अनोळखी माणसाला किंवा बाईला तीन वर्षांचं लेखी कॉन्ट्रॅक्ट देऊन बसवायचं. पहिलं वर्ष लोक शिव्या घालणार, ते बजेटमध्येच धरायचं. फॅलन आणि मायर्स दोघांची कॉन्ट्रॅक्ट २०२८ पर्यंत आहेत. तेव्हा एनबीसीचं निवेदनही 'ह्यांच्यासारखं दुसरं कोणी नाही' असंच सुरू होईल ह्यावर मी आत्ताच पैज लावायला तयार आहे, आणि हरलो तर आनंदाने चहा पाजीन.